पडलेल्या शेअरची वकिली

मी डूख धरणारी बाई आहे. झालं गेलं विसरून जावं, असं सांगणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचं स्वतःचं काही गेलेलं नसतं हे माझ्या लवकर लक्षात आलं. आई म्हणायची, हिला कुणी चिमटा काढला तर ही तो जपून ठेवते. बरोबरच म्हणायची.

तर हा माणूस. मी सिंगापूरला आले तेव्हा तो माझा बॉस होता. पुण्याचाच, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. आमची कंपनी हॉटेलांना आणि फूड कोर्टातल्या स्टॉलना ऑर्डर घेण्याचे स्क्रीन आणि त्यामागचं सॉफ्टवेअर पुरवायची. तो तिथल्या फायनान्स विभागाचा प्रमुख होता आणि मी त्याच्या हाताखाली हिशेब बघायचे. समोर मी त्याला सर म्हणायचे, अजूनही म्हणते, 'तुम्ही'सुद्धा म्हणते. मनात मात्र तो नुसता 'तो' आहे आणि इथेही तसाच राहील.

एकदा मला दुसऱ्या एका कंपनीतून बोलावणं आलं. पगार जास्त, काम मनासारखं. मी त्याला सांगायला गेले तर त्याने केबिनचं दार लावून घेतलं, मला बसवलं आणि म्हणाला, "अगं, कुठे जातेस? मी आहे ना इथे. मी असेपर्यंत तुझ्या केसाला धक्का लागायचा नाही." परमुलखात आपल्या भाषेत कुणी असं बोललं की माणूस विरघळतो. मीही विरघळले आणि ती नोकरी नाकारली. काही महिन्यांतच कंपनीने माणसं कमी करायचं ठरवलं. प्रत्येक विभागाच्या प्रमुखाने नावं द्यायची होती. आमच्या विभागातून त्याने माझं दिलं.

ते त्याने मला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, एचआरच्या बाईला सोबत घेऊन, समोरचं टिपण वाचत, इंग्रजीत. एरवी आम्ही दोघंच असलो की मराठीशिवाय बोलायचो नाही. त्याच्या सासूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून चितळ्या-बितळ्यांच्या बाकरवडीत आता राम उरला नाही इथपर्यंत सगळं मला मराठीत ऐकवून झालं होतं. त्या दिवशी मी मराठीत विचारलं, "सर, पण तुम्ही म्हणाला होतात ना?" त्यावर तो इंग्रजीत म्हणाला की माझ्या भावना तो समजू शकतो. नोकरी गेली ते मी पचवलं. ते इंग्रजी मला अजून पचलेलं नाही.

घरातला एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, माझ्या नावावर होता. नवरा आणि मुलगी माझ्या पासच्या आधाराने इथे राहत होती. नोकरी गेली की पास जातो, आणि महिनाभरात दुसरी मिळाली नाही तर बाडबिस्तरा गुंडाळायचा. आम्ही टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमधला सोफा विकला, मुलीची सायकल शेजाऱ्यांना देऊन टाकली. तिच्या वर्गाने तिला निरोपाचं भलंमोठं कार्ड दिलं. आणि अगदी शेवटच्या आठवड्यात रॅफल्स प्लेसच्या एका लहानशा अकाउंटिंग फर्ममध्ये मला कमी पगाराची नोकरी लागली. आम्ही राहिलो, पण मुलगी त्याच वर्गात परत जायला तयार होईना. "ममी, एव्हरीबडी क्राइड ऑलरेडी लाह," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "हाऊ टू गो बॅक?" मी तिला हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं. ती खाली मान घालून आत गेली, आणि त्या मानेसाठी मी त्याला कधीही माफ करणार नाही असं मी तिथेच ठरवलं.

आता भिशीचं सांगते. इथली सात-आठ मराठी घरं महिन्यातून एका रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायची. पैसे आळीपाळीने एकेकाला देण्याऐवजी आम्ही त्यांतून मिळून शेअर घ्यायचो. तो आणि त्याची बायको त्यात पहिल्यापासून होती. मी आता भिशी सोडणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी कशाला सोडू? रुसून घरी बसलेल्या माणसाला लोक आठवडाभरात विसरतात. दर महिन्याला समोर बसून हसत चहा पिणारी बाई मात्र डोळ्यांत खुपत राहते. पहिल्याच रविवारी त्याने मला बाल्कनीत गाठलं आणि म्हणाला, "मनावर घेऊ नकोस हं." मराठीत. मी म्हटलं, "छे हो सर."

या भिशीत एक विचित्र नियम होता. तो काकांनी घातला होता. काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे. सुरुवातीला आमच्या भिशीने एका शेअरमध्ये चांगले हात पोळून घेतले होते. ती कंपनी चालवणारा मराठी होता आणि 'आपला माणूस आहे' एवढ्या कारणावर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तेव्हापासून काकांचा कायदा असा, की ज्याचा शेअरवर जीव आहे त्याने त्याच्याविरुद्ध बोलायचं आणि ज्याचा राग आहे त्याने त्याच्या बाजूने. "प्रेमालाही नीट दिसत नाही आणि रागालाही," काका म्हणायचे. "दोघांचे चष्मे बदलून बघू." याला आम्ही उलट वकिली म्हणायचो. दोन्ही बाजू झाल्या की प्रत्येकाने एका वाक्यात आपलं खरं मत सांगायचं. त्याची कारणं द्यायची नाहीत, कुणी वाद घालायचा नाही. मग हात वर करायचे.

इकडे आमच्या त्या कंपनीचा शेअर घसरत चालला होता. एक काळ असा होता की ऑफिसात लोक कॉफीच्या मशीनपाशी त्याचा भाव एकमेकांना सांगायचे. आता तो त्या काळच्या पाव किमतीलाही मिळत होता. गेल्या वर्षी कंपनीने त्यालाही नारळ दिला. ती बातमी कळली त्या संध्याकाळी मी सढळ हाताने तूप घालून शिरा केला. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, सहज. पण ते समाधान टिकलं नाही. तो केव्हाच इथला नागरिक झाला होता. त्याला कुणी महिन्याची मुदत देणार नव्हतं, त्याचा सोफा विकला जाणार नव्हता. सेरंगूनच्या मॉलजवळच्या त्याच्या कॉन्डोत तो आरामात पाय पसरून बसला होता. अर्ध्या सूडाने माझं पोट भरत नाही.

तेवढ्यात त्याने स्वतःच ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं. कंपनीने त्याला वर्षानुवर्षं बोनसऐवजी शेअर दिले होते आणि त्याने त्यातला एकही विकला नव्हता. विकला नाही तोवर तोटा नाही, हे आपल्याकडचं जुनं शहाणपण. नोकरी जाताना मिळालेली रक्कमही त्याच्या हातात होती. ती सगळी घालून तोच शेअर आणखी घ्यावा, म्हणजे खरेदीची सरासरी खाली येईल, असं त्याच्या मनात होतं. पण धीर होत नव्हता. म्हणून पुढच्या रविवारी भिशीने याच शेअरचा विचार करावा असं त्याने सुचवलं. भिशीची रक्कम ती किती! सगळ्यांना कळत होतं की प्रश्न भिशीचा नाही, त्याच्या उतारवयाच्या पुंजीचा आहे. "जीव तुमचा, तेव्हा विरोधात तुम्ही बोला," काका त्याला म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि बाजूने कोण, हे मी सांगायला नको."

मी इतक्या आनंदाने कुठलंच काम केलेलं नाही. तीन वर्षांचे वार्षिक अहवाल इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जाता-येता वाचत राहिले. शेअर पडला म्हणजे स्वस्त झाला असं लोकांना वाटतं. इतका पडलाय, आता आणखी किती पडणार, असं म्हणतात. खूप खाली पडलेली वस्तू आणखीही खाली पडू शकते, तळ कुठे आहे ते बघायला हवं. आणि तळ भावात दिसत नाही, तो गिऱ्हाइकांत दिसतो. या धंद्यात हॉटेलवाले वर्षाचे पैसे आधी भरतात. ते आगाऊ आलेले पैसे अहवालात वेगळ्या ओळीत दाखवावे लागतात. विक्री थोडी वाढलेली दिसत होती, पण ही ओळ वर्षागणिक आटत चालली होती. म्हणजे लोक आता वर्षाचं भरत नव्हते, महिन्यामहिन्याने भरत होते. मन उडालं की लगेच निघून जाता यावं म्हणून माणूस महिन्याने भरतो. दुसरीकडे गिऱ्हाइकांकडची उधारी विक्रीपेक्षा जास्त वेगाने वाढत होती. आणि पहिल्या पानावर जो नफा मोठ्या अक्षरांत छापला होता त्यातून कर्मचाऱ्यांना वाटलेल्या शेअरचा खर्च गुपचूप वगळलेला होता. तो धरला की नफ्याचा तोटा होत होता.

बाजूने बोलण्यासारखंही होतं, नाही असं नाही. बँकेत रोकड होती, कर्ज थोडं होतं, नाव लोकांच्या ओळखीचं होतं. एखादी मोठी कंपनी येऊन हिला विकत घेईल अशी आशा बाळगायला जागा होती. म्हणून खात्री करायला मी पायी हिंडले. टॅम्पिनीसची फूड कोर्टं झाली, सेरंगूनची झाली, मग ऑफिसजवळची. जिथे एकेकाळी रांगेने आमचे स्क्रीन होते तिथे स्टँड रिकामे उभे होते किंवा दुसऱ्याच कंपनीचे स्क्रीन लागले होते. एका ठिकाणी आमचा बंद स्क्रीन पालथा घालून त्यावर मिरच्यांच्या बाटल्या ठेवल्या होत्या. त्या बाटल्यांकडे बघत मी माझं नूडल्सचं सूप शेवटच्या घोटापर्यंत संपवलं. माझा निर्णय झाला होता, आणि तो रागाचा नव्हता. राग बाजूला ठेवून, एखाद्या अनोळखी कंपनीचं बघावं तसं मी पुन्हा सगळं बघितलं. उत्तर तेच आलं. या शेअरमध्ये पुंजी घालणं म्हणजे बुडत्याचा पाय खोलात.

आता हे त्याला सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. तो फायनान्सचा माणूस. मी त्याला शांतपणे बाजूला घेऊन ती आटणारी ओळ दाखवली असती, तर प्रेमाने डोळ्यांवर कितीही झापड आली असली तरी त्याला दिसलंच असतं. मी गप्प बसले असते तरी काकांच्या सावधपणाने कदाचित त्याला आवर घातला असता. मला दोन्हींपैकी काहीच करायचं नव्हतं. पण खोटं बोलायचीही माझी इच्छा नव्हती. खोटं बोलून कुणाला बुडवणं हे त्याच्यासारख्यांचं काम.

रविवारी भिशी त्याच्याच घरी होती. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, दडपे पोहे केले होते. ओलं खोबरं भरपूर, वर तळणीच्या मिरच्या. मी दोनदा मागून घेतले. वहिनींवर माझा राग कधीच नव्हता. आम्ही सिंगापूर सोडून जायला निघालो होतो तेव्हा त्या एकट्या येऊन स्वयंपाकघरातली भांडी बांधायला मदत करून गेल्या होत्या, नवऱ्याला न सांगता.

आधी तो विरुद्ध बोलला. आई लेकराची खोड सांगते तसा. थोडा चुकला असेल, पण मनाने चांगला. स्पर्धा वाढली आहे खरी, पण आमचं सॉफ्टवेअर सरस. 'आमचं' म्हणाला. काका म्हणाले, "अहो, ही तर स्तुती झाली."

मग मी उभी राहिले. रोकड सांगितली, कमी कर्ज सांगितलं, नाव सांगितलं, विकत घेणारा कुणी येऊ शकतो हे सांगितलं. नियमात बसतं तेवढंच आणि खरं तेवढंच बोलले, कारण विरुद्धचं बोलणं हे त्याचं काम होतं. आटणारी ओळ त्याने काढायला हवी होती. त्याने काढली नाही. मी फार छान बोलले. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता होती. मला ती बघून भयंकर आनंद झाला.

मग खरी मतं सुरू झाली. कुणी म्हणालं, थांबून बघू. कुणी म्हणालं, थोडा घ्यायला हरकत नाही. त्याच्याच घरी, त्याचेच पोहे खाऊन आणखी काय म्हणणार? काका म्हणाले, "मला यातलं कळत नाही, म्हणून मी नाही." सगळ्यांत शेवटी माझी पाळी होती. मी ते वाक्य आठवडाभर तोंडात घोळवलं होतं.

"त्यात एक पैही घालू नये, ती कंपनी बुडणार आहे," मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "आणि बुडायलाच हवी."

मग तो मोठ्याने हसला, आणि सुटल्यासारखे बाकीचेही हसले. "अजून राग गेला नाही वाटतं हिचा," तो म्हणाला. "म्हणून काका, तुमचा नियम बरोबर आहे बघा. वकिली केली तेव्हा खरं बोलली, आणि खरं मत म्हणून राग ओकली." मीही हसले. नियमाप्रमाणे कारणं द्यायची नव्हती, मी दिली नाहीत. भिशीने शेअर घेतला नाही. त्याने घेतला.

परतताना एमआरटीत नवऱ्याने आधी जागा बघून मला बसवलं. मग म्हणाला, "पहिलं वाक्य पुरेसं होतं. शेवटचे तीन शब्द कशाला बोललीस?"

"खरं मत विचारलं होतं."

"तेवढ्याने तो तुझं पहिलंही ऐकणार नाही, हे तुला माहीत नव्हतं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. नवराच एक मला पुरता ओळखतो. त्याने पुन्हा विचारलं नाही.

पुढचं फार लांबलं नाही. कंपनीने एका सहामाहीचा निकाल उशिरा जाहीर केला, पुढचा केलाच नाही, मग बाजाराने त्या शेअरचे व्यवहार थांबवले. शेवटी बँकेतली रोकडही आटली आणि तिचे तुकडे करून मातीमोलाने विकले. शेअर असणाऱ्यांच्या हाती काही पडणार नव्हतं. ती बातमी मला रॅफल्स प्लेसला दुपारच्या जेवणाच्या रांगेत फोनवर दिसली. मला आनंद झाला. चोरटा नाही, चांगला भरपेट. मी त्या दिवशी भाताबरोबर तळलेलं अंडं जास्तीचं घेतलं, आणि ऑफिसात परत जाताना नदीकाठच्या रस्त्याने लांबून गेले. मुलीची ती खाली घातलेली मान आठवली आणि पहिल्यांदाच ती आठवण टोचली नाही.

त्यानंतर दोन महिने ती दोघं भिशीला आली नाहीत. मग एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात वहिनी होत्या, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. कॉन्डो विकायला काढला होता आणि टॅम्पिनीसलाच, आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे, लहान सरकारी फ्लॅट बघून त्या आल्या होत्या. जुना सोफा तिथे मावणार नाही, तुम्हाला हवा का, असं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे आहे आता. त्यांना मी बसवलं आणि चहा टाकला.

"तुझे आभार मानायचे होते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तू एकटी खरं बोललीस. बाकी सगळे आमच्या घरी बसून गोड बोलले. यांना मी रात्रंदिवस तेच सांगते, की तिला तुम्ही इतकं दुखावलंत तरी तिने तोंडावर खरं सांगितलं. ह्यालाच माणुसकी म्हणतात. आता पटलंय त्यांना. रडले परवा."

मी कपबशी त्यांच्यापुढे सरकवली.

"आता एक विनंती आहे," त्या म्हणाल्या. "फ्लॅट घेऊन थोडे पैसे उरतील. ह्यांचं पुन्हा तेच चाललंय, असाच एक पडलेला शेअर धरून बसलेत. म्हणतात, आता तिला विचारल्याशिवाय काही करणार नाही. ती जे सांगेल ते डोळे मिटून ऐकेन म्हणतात. तू बघशील का गं जरा?"

मी डबा उघडला. वड्या अजून कोमट होत्या, वेलची जरा जास्तच पडली होती. एक तोंडात टाकली आणि ती संपेपर्यंत वहिनींना थांबायला लावलं.

"उद्या दुपारी पाठवा सरांना," मी म्हटलं. "सांगेन मी."